कुटकी: ओळखायची कशी, दळायची कशी आणि कधी हात लावायचा नाही

कावीळ झाली की घरात दोन-तीन कडू औषधांची नावं हमखास निघतात, आणि त्यांत कुटकी असतेच. भूक मेली, पोट साफ होत नाही, रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) वाढलेलं आलं, तरी हीच आठवते. औषध खरं आहे. पण नवख्या माणसाचं काम बहुतेक वेळा औषध पोटात जाण्याआधीच बिघडलेलं असतं: माल भलताच आणलेला, मात्रा चिमटीने मोजलेली, आणि दुखणं कोणतं आहे ते न पाहता सुरुवात केलेली.

वनस्पती कुठली

कुटकी म्हणजे पिक्रोऱ्हायझा कुर्रोआ. काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या हिमालयात, साधारण ३००० मीटरच्या वर, जिथे झाडं संपून गवताळ कुरणं लागतात तिथे खडकांच्या कपारीत ती पसरते. उंची वीतभर, पानं जमिनीलगत, कडा दातेरी, आणि जून ते ऑगस्टमध्ये निळसर-जांभळ्या फुलांचा छोटा तुरा. औषधात वापरतात तो जमिनीत आडवा सरपटणारा खोडाचा भाग, म्हणजे मूलस्तंभ, आणि त्याला फुटलेली मुळं. बी पडून गेल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, खणून काढतात. नेपाळ, सिक्कीम, भूतानकडे तिची जवळची बहीण निओपिक्रोऱ्हायझा स्क्रोफ्युलॅरिफ्लोरा उगवते. बाजारात तीही कुटकी म्हणूनच विकली जाते आणि रसायनांच्या बाबतीत बरीच जुळते.

सह्याद्रीत कुटकी येत नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं, म्हणजे कुटकीच्या घराच्या जेमतेम निम्म्या उंचीचं. तेव्हा घाटावरच्या एखाद्या रोपवाटिकेत ‘कुटकीचं रोप’ दिसलं तर पैसे वाचवावेत. कोकणात काढ्याला वापरतात ते किराईत ही वेगळीच वनस्पती आहे. तेही कडूच, पण कुटकीची मात्रा त्याला लावू नये आणि त्याची हिला.

पहिली पायरी: खरेदी

काष्ठौषधींच्या दुकानातून अख्खे तुकडे घ्यावेत, पावडर नको. पावडरीत काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही आणि जिभेलाही खात्रीने कळत नाही, कारण कोणतीही कडू काडी मिसळली तरी चव कडूच राहते. पहिल्या खेपेला ५० ग्रॅम पुष्कळ झाली. दिवसाला एक ग्रॅमच्या हिशेबाने ती दीड महिन्याच्या वर जाते आणि तेवढी लागणारही नाही. ऑनलाइन मागवताना एक गंमत होते. पूर्व विदर्भात आणि मध्य प्रदेशात कुटकी हे एका भरडधान्याचंही नाव आहे, त्यामुळे ‘कुटकी १ किलो’ मागवून दारात भगरीसारखं धान्य आलेलं असतं. किंमत धान्याच्या भावाची दिसली तर ते औषध नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तुकडे हातात आल्यावर तपासायला आपल्या निघंटूंनीच, म्हणजे औषधींच्या जुन्या कोशांनीच, सोय करून ठेवली आहे. भावप्रकाशात कुटकीला जी पर्यायी नावं दिली आहेत, ती जवळपास ओळखपत्रच आहेत.

‘चक्रांगी’: मूलस्तंभावर आडव्या वळ्या आणि गळून गेलेल्या मुळांच्या गोल खुणा दिसल्या पाहिजेत. तुकडा वाकडातिकडा, अडीच ते आठ सेंटिमीटर लांब, पेन्सिलीएवढा किंवा त्याहून बारीक, बाहेरून राखाडी-तपकिरी आणि उभ्या सुरकुत्यांचा. सगळे तुकडे गुळगुळीत आणि सरळ असतील तर शंका घ्यावी.

‘मत्स्यशकला’: टोकाकडे जिथे कोंब असतो तिथे वाळलेल्या खवल्यांचं आवरण. प्रत्येक तुकड्यावर ते सापडणार नाही, पण मूठभर मालात पाच-सहा तरी टोकं तशी निघावीत.

‘कृष्णभेदा’: मोडून पाहणं हीच सर्वांत उपयोगी परीक्षा. तुकडा कट्‌कन मोडला पाहिजे आणि मोडल्या जागी काळपट रंगात पांढरट कड्यासारखी लाकडाची रेघ दिसली पाहिजे. वाकतो पण मोडत नाही असा तुकडा ओला आहे. आतून पिवळट निघाला तर ते त्रायमाणाचं, म्हणजे जेन्शियानाचं, मूळ असण्याची शक्यता आहे. दोघांची अदलाबदल जुनी आहे.

चव सर्वांत शेवटी. वरच्या खुणा जुळल्याशिवाय जिभेवर काही ठेवू नये, कारण ‘खुरासानी कुटकी’ नावाने पूर्वी हेलेबोरसचं मूळ विकलं जायचं आणि ते विषारी आहे. खुणा जुळल्या की मोहरीएवढा कण चावावा. खरी कुटकी लगेच कडू लागते आणि तो कडवटपणा पाणी प्यायल्यावरही बराच वेळ जात नाही. गंध सौम्य, बरा वाटणारा. बुरशीचा किंवा कुबट वास आला तर माल परत करावा.

लॅगोटिस या हिमालयातल्याच दुसऱ्या वनस्पतीची भेसळ मात्र या घरगुती परीक्षांतून निसटू शकते. ती पकडायला प्रयोगशाळा लागते. जास्त माल घ्यायचा असेल, घरगुती उद्योगासाठी वगैरे, तर विक्रेत्याकडे तपासणीचा दाखला मागावा आणि त्यात काय वाचायचं ते कळण्यासाठी थोडं रसायनशास्त्र पाहू.

आत काय असतं

कुटकीचा कडवेपणा मुख्यतः इरिडॉइड ग्लायकोसाइड या गटातल्या रसायनांतून येतो. त्यांचा पाया कॅटॅल्पॉल. त्याला ग्लुकोज आधीच जोडलेलं असतं. या पायावर सिनॅमिक आम्लाचा तुकडा बसला की पिक्रोसाइड १ तयार होतं, व्हॅनिलिक आम्लाचा बसला की पिक्रोसाइड २, आणि तोच व्हॅनिलिक तुकडा कॅटॅल्पॉलवर दुसऱ्या जागी बसला की कुटकोसाइड. जुन्या पुस्तकांत ‘कुटकिन’ हे एकाच कडू द्रव्याचं नाव म्हणून येतं. नंतरच्या पृथक्करणात ते पिक्रोसाइड १ आणि कुटकोसाइड यांचं मिश्रण निघालं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने याच दोघांचा ठरावीक प्रमाणातला अर्क ‘पिक्रोलिव्ह’ नावाने तयार केला आणि यकृतावरचं बरंचसं प्रयोगशाळेतलं काम त्याच्यावर झालं.

पिक्रोसाइड १ पानांत आणि कोवळ्या फुटव्यात भरपूर असतं. पिक्रोसाइड २ जमिनीखालच्या भागात. म्हणून दाखल्यात दोन्हींचे आकडे वेगवेगळे हवेत. पहिलं आहे आणि दुसरं नावापुरतं, असं असेल तर मुळांच्या नावाखाली पाला दळलेला असू शकतो. तयार अर्कांच्या डबीवर ‘कडू द्रव्यं अमुक टक्के’ असं लिहिलेलं असतं, त्यावर भाळू नये. ती टक्केवारी बहुधा वजनी पद्धतीने काढलेली असते, म्हणजे द्रावकात जे काही कडू-बिडू उतरलं त्या सगळ्याचं वजन. एचपीएलसीने, म्हणजे प्रत्येक रसायन वेगळं करून मोजणाऱ्या यंत्राने, मोजलेलं पिक्रोसाइड हाच आकडा कामाचा.

याखेरीज कुटकीत क्युकरबिटॅसिन गटाची कडू ग्लायकोसाइडं आहेत आणि अ‍ॅपोसायनिन नावाचा छोटा रेणू आहे. दाहाच्या वेळी पांढऱ्या पेशी ज्या विकराच्या साह्याने अतिक्रियाशील ऑक्सिजन रेणू सोडतात, त्या एनएडीपीएच ऑक्सिडेजला अ‍ॅपोसायनिन अडवतं. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत ते एक साधन म्हणून वापरलं जातं, कुटकीचं नावही न घेता.

परिणामाचं म्हणाल तर तीन गोष्टी बऱ्यापैकी पक्क्या आहेत. पित्ताचा स्राव वाढतो. आतड्याची हालचाल वाढून शौचाला साफ होते. आयुर्वेदात हिला ‘भेदनी’ म्हणतात ते यासाठीच, आणि चरकाच्या भेदनीय गणात ती आहे. तिसरं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत पॅरासिटामॉल, कार्बन टेट्राक्लोराइड, दारू अशा विषांपासून यकृताच्या पेशींचा काही प्रमाणात बचाव झालेला दिसला.

माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. १९९६मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झालेली एक चाचणी नेहमी सांगितली जाते: विषाणूजन्य तीव्र काविळीचे, हिपॅटायटिस बी नसलेले रुग्ण, १५ जणांना कुटकीचं चूर्ण, १८ जणांना त्यासारखंच दिसणारं निष्क्रिय औषध. मात्रा ३७५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन आठवडे. कुटकी घेणाऱ्यांचं बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) आणि एसजीओटी-एसजीपीटी ही यकृताची विकरं लवकर उतरली. निष्कर्ष आशादायक आहे, पण ३३ माणसांवरून ‘काविळीचं रामबाण’ म्हणणं धाडसाचं. शिवाय हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांमध्ये आपोआप बरा होतो. त्यामुळे कुटकी घेतली आणि बरं वाटलं, एवढ्यावरून श्रेय कुणाचं ते ठरत नाही.

दुसरी पायरी: निवडणं आणि वाळवणं

ताटात पसरून खडे, माती, गवताच्या काड्या काढाव्यात. मुळांच्या गुंतवळ्यात माती अडकते, ती ताठ ब्रशने झटकावी. धुवायचं झालं तर चाळणीत ठेवून वरून पाणी ओतावं आणि लगेच निथळावं. भिजत घालू नये. पिक्रोसाइडं पाण्यात विरघळतात आणि तुम्ही औषधच मोरीत सोडाल. वाळवणं सावलीत, वाऱ्यावर. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत ते होत नाही, तेव्हा भाज्या सुकवायच्या यंत्रात ४० अंशांवर ठेवावं. कडक उन्हात किंवा तापत्या तव्यावर घाई करू नये. तुकडा टिचकीसरशी मोडला म्हणजे झालं.

तिसरी पायरी: दळणं

आधी लोखंडी खलबत्त्यात कुटून भरड करावी. अख्खे तुकडे थेट मिक्सरमध्ये टाकले तर पातं अडतं, भांडं तापतं आणि तंतू तसेच राहतात. भरड मिक्सरच्या छोट्या भांड्यात दहा-दहा सेकंद फिरवावी, मध्ये भांडं थंड होऊ द्यावं. नंतर वस्त्रगाळ करावी, किंवा ८० नंबरच्या चाळणीतून चाळावी. वर उरलेले तंतू पुन्हा कुटून चाळावेत, फेकू नयेत, नाहीतर चूर्णात मूलस्तंभ आणि मुळं यांचं प्रमाण बदलतं.

नाकातोंडाला रुमाल बांधावा. हा उपदेश वाटतो, पण बारीक धूळ घशात गेली की तासभर सगळं कडू लागतं आणि शिंका वेगळ्या. खिडकी उघडी, पंखा बंद. काम झाल्यावर मिक्सरमध्ये मूठभर तांदूळ फिरवून टाकून द्यावेत. नुसतं धुऊन कडवटपणा जात नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या चटणीला तो लागतो.

चूर्ण हवाबंद काचेच्या बरणीत, अंधारात ठेवावं. बरणीवर दळल्याची तारीख लिहावी. सहा महिन्यांत संपेल एवढंच दळावं. अख्खे तुकडे कोरडे राहिले तर जास्त टिकतात. गुठळ्या होऊ लागल्या म्हणजे ओल शिरली आहे. असं चूर्ण पुन्हा वाळवून वापरायचा मोह टाळावा, बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी धरलेली असते.

चौथी पायरी: मात्रा

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात कुटकीच्या चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम दिली आहे. मुंबईच्या चाचणीतली मात्रा दिवसाला सव्वा ग्रॅमच्या आत, म्हणजे या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी बसते. नवख्याने तिथेही एकदम पोहोचू नये. पहिले दोन दिवस २५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. पोट सांभाळलं तर ३७५ मिलिग्रॅम दोनदा, मग तीनदा. ३ ग्रॅमला बहुतेकांना जुलाबच होतात, आणि वैद्य ती मात्रा देतात तेव्हा बऱ्याचदा तेच अपेक्षित असतं.

यासाठी सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमने उडी मारणारा काटा इथे निरुपयोगी आहे. चमच्यावर विश्वास ठेवू नये: चूर्ण किती बारीक आहे आणि किती दाबलं यावर पाव चमच्यात निम्म्याने फरक पडतो. कॅपसूल भरायच्या तर शून्य नंबरच्या रिकाम्या कॅपसूलमध्ये साधारण ३५० ते ४०० मिलिग्रॅम चूर्ण बसतं, म्हणजे काम सोपं. दहा रिकाम्या कॅपसूलचं वजन करावं (सुमारे एक ग्रॅम भरतं), मग दहा भरलेल्यांचं, आणि फरकाला दहाने भागावं.

कॅपसूल नको असेल तर चूर्ण चमचाभर मधात कालवून चाटावं आणि वर कोमट पाणी प्यावं. भुकेसाठी जेवणाआधी अर्धा तास, पोट साफ होण्यासाठी रात्री झोपताना. भुकेसाठी घेताना मात्र कडवेपणा जिभेला लागू द्यावा. कॅपसूलने तो भाग हुकतो.

काढ्यापेक्षा कुटकीला हिम, म्हणजे न उकळता गार पाण्यात भिजवून काढलेलं औषध, चांगला, असं आमचं मत. एक ग्रॅम भरड अर्धा कप पाण्यात काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवावी, सकाळी कुस्करून गाळावी आणि लगेच प्यावी. कडू द्रव्यं पाण्यात सहज उतरतात, त्यासाठी तास-तास उकळायची गरज नाही. उलट चिंच-आमसुलासारखं आंबट घालून उकळलं तर ग्लायकोसाइडं तुटू लागतात. कॅटॅल्पॉलच्या कुळातले रेणू आम्लात तापले की काळपट पडतात, ते त्याचंच लक्षण. तांब्याचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

स्वतःच्या बुद्धीने दोन आठवड्यांपुढे जाऊ नये. तोवर भूक आणि पोट यांत फरक पडला नसेल तर मात्रा वाढवून उपयोग नाही. कारण शोधायला हवं.

काय बिघडतं

पातळ शौचाला होणं ही सर्वांत मोठी तक्रार, सोबत पोटात मुरडा. मात्रा निम्मी करावी. तरी थांबलं नाही तर औषध बंद. अंगावर पुरळ किंवा खाज आली तर लगेच बंद, पुन्हा करून पाहायचं नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर जास्त उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना सांगून आणि घरी साखर तपासतच घ्यावं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांनी (अवयवरोपण, संधिवात, ल्युपस वगैरे) हात लावू नये, कारण कुटकीचा प्रतिकारयंत्रणेवर परिणाम होतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नको. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबवावं.

बाळकडूत कुटकी उगाळून देण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. सहाणेवर किती वळसे दिले यावरून बाळाच्या पोटात किती मिलिग्रॅम गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तान्ह्याला दोन जुलाब झाले तरी अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. देऊ नये.

काविळीत कुटकीला हात लावण्याआधी रक्त तपासून घ्यावं: बिलिरुबिन (एकूण आणि थेट), एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि रक्त गोठण्याचा आयएनआर. शौचाचा रंग पांढुरका-मातकट, लघवी गडद आणि अंगाला खाज, असं एकत्र असेल तर पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकलेली असू शकते. अशा वेळी पित्तस्राव वाढवणारं औषध देणं म्हणजे नळ तुंबलेला असताना टाकीत आणखी पाणी सोडणं, आधी सोनोग्राफी. गुंगी, असंबद्ध बोलणं, सततची उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, वाढलेला आयएनआर यांपैकी काहीही असेल तर घरच्या औषधाचा विचारच नको, थेट रुग्णालय. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही थांबू नये; हिपॅटायटिस ई त्या काळात जिवावर बेततो.

आरोग्यवर्धिनीचं काय, असा प्रश्न येतोच. तिच्यात निम्मं वजन कुटकीचं असतं हे खरं, पण उरलेल्या निम्म्यात पारा, गंधक, लोह, अभ्रक आणि ताम्र यांचे कल्प आहेत. ती कुटकीची सोयीस्कर गोळी नव्हे. वैद्याने नाडी-जीभ पाहून दिली तर गोष्ट वेगळी. दुकानातून स्वतः आणून महिनोन्‌महिने घेणं चूक.

माल कुठून आलेला

जंगलातली कुटकी खणून खणून इतकी कमी झाली की १९९७पासून ती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. मूलस्तंभ उपटला की रोपच जातं, आणि नवं रोप काढणीला यायला काही वर्षं लागतात. सुदैवाने ‘कांडरुहा’ हे तिचं आणखी एक नाव खरं आहे: कांडाचा तुकडा लावला की तो रुजतो. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात घेससारख्या गावांत शेतकरी अशा लागवडीतून कुटकी पिकवतात. विक्रेत्याला लागवडीचा माल आहे का ते विचारावं. थोडी महाग पडली तरी ती घ्यावी. लागवडीचे तुकडे सहसा एकसारख्या वयाचे असतात, ही वापरणाऱ्याचीही सोय.

परदेशातल्या मुलांसाठी बॅगेत सुट्टे तुकडे किंवा घरचं चूर्ण भरून देणाऱ्यांनी हेही पाहावं. साइट्समुळे कच्च्या कुटकीला परवान्याची कागदपत्रं लागतात. किरकोळ विक्रीसाठी बंद केलेलं तयार औषध त्या तरतुदीतून वगळलं आहे, पण त्या-त्या देशाचे औषध आणि वनस्पती आयातीचे नियम वेगळे लागू होतात, आणि विमानतळावर सोडवत बसण्यापेक्षा ते निघण्याआधी वाचलेले बरे.